तुळसाला मी आळशी म्हटलं

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही — नवऱ्यापाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगते.

मला लहानपणापासून फेफरं येतं. झटका घटकाभराचा. लोकांना तेवढाच दिसतो — कांदा हुंगवतात, चप्पल नाकाशी धरतात, आणि सुटले! पण नंतरचं? पुढचे कितीतरी दिवस अंग भिजलेल्या वाकळेसारखं जड. दवाखान्यातलं औषध घ्यावं, तर डोळे आणखीच मिटतात. आणि सासूकडून ऐकायचं काय? आळशी. कामचोर. संताप होतो माझा! ताप नाही, जखम नाही, म्हणून थकवा खोटा?

गिरणीत आम्ही बायका सुताच्या लडी करायचो. तिथं मी हे दुखणं लपवलं होतं — कळलं असतं तर घरी बसवलं असतं. माझ्या शेजारी तुळसा होती, अक्कलकोटकडची विधवा. एकदा दुपारच्या सुट्टीत ती पाण्याच्या टाकीमागं पडलेली दिसली. दातखीळ बसलेली, तोंडाला फेस. मी तिला कुशीवर वळवलं, पदरानं तोंड पुसलं. शुद्धीवर येताच तिनं माझा हात धरला.

"अक्का, कुणाला सांगू नको की."

मी मान हलवली. पण मलाही हेच आहे, एवढं माझ्या तोंडून निघालं नाही. का नाही निघालं?

पुढं तिचे हात चालेनात. धागा तुटला तरी तिला कळायचं नाही. एक दिवस मुकादमानं सगळ्यांदेखत मला विचारलं, "तू शेजारी असतीस. ही आजारी हाय, का सोंग करती?"

तुळसा माझ्याकडं बघत होती. फेफऱ्याचं नाव न घेता नुसतं आजारी आहे म्हणता आलं नसतं? आलं असतं. पण मलाही नुकताच झटका येऊन गेला होता, माझेही हात रेंगाळत होते — आणि त्याची नजर आता माझ्या हातांकडं वळेल, या भीतीनं मी म्हणाले, "लई आळशी हाय. रोजचंच हाय तिचं."

सासूचेच शब्द! जे ऐकून मी चुलीपुढं रडायचे, तेच.

तिला त्याच दिवशी काढलं. जाताना ती माझ्यापाशी थांबली.

"अक्का, तुला तर ठावं होतं की."

बायकांनी विचारलं, काय ठावं होतं गं? मी म्हणाले, "कुटं काय? काय बी न्हाय."

ती पुढं कुठं गेली, मी कधी चौकशी केली नाही. त्या संध्याकाळी घरी येऊन मी आडवी झाले. खरंच दमले होते.