मोठेबाबांचा नवस

मोठेबाबा गेल्याची बातमी गावाकडून, मेडशीहून, मोटारीने आलेल्या माणसाने वाशीमला मामांच्या छापखान्याच्या दारात उभं राहून सांगितली, आणि खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही, राग आला. आमचं भांडण अर्धवट होतं... दिवाळीत मी गावाहून निघाले तेव्हा त्यांनी ‘बाकीचं संक्रांतीले बोलू’ म्हणून ते पुढे ढकललं होतं, आणि मार्गशीर्षातच हा माणूस वादातून कायमचा उठून गेला. भांडण जेवणाचं होतं. हिवाळ्यात आमच्या घरी रांधायचं कोणी, आणि जो रांधतो त्याने ते चारचौघांत कबूल करायचं की नाही, याचं.

माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. वडिलांच्या थोरल्या भावाने, म्हणजे मोठेबाबांनी, आणि मोठीआईने मला वाढवलं. शिकायला वाशीमला मामांकडे ठेवलं तेही त्यांनीच. मामांचा छोटा छापखाना आहे. मी गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं वाचली. चूल म्हणजे बाईचं नशीब नव्हे, अशा ओळींची शाई बोटांना लावूनच मी सुटीत गावी जायचे, आणि तिथे मोठीआई चुलीपुढे असायची, मोठेबाबा पाटावर. तांब्या हाताशी असला तरी पाणी दुसऱ्याने ओतून द्यायचं. मात्र वर्षातून एकदा, हरभरा घाट्यावर आला की, हेच गृहस्थ वावरात आंब्याखाली गोवऱ्या रचून गावजेवणाचे रोडगे भाजायचे. कणकेचे जाड गोळे फुफाट्यात पुरायचे, वर राख सारायची, आणि नुसत्या वासावरून कोणता झाला ते ओळखायचं. सोबत तुराट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, लसणाची पात, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. थंडीत ती आमटी घशाखाली उतरली की माणूस वैर विसरायचा, हे मी नाइलाजाने मान्य करते. पण त्या एका दिवसाची वाहवा त्यांना पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुरायची. मोठीआई बारा महिने दोन्ही वेळा रांधायची. तिला कोणी कधी ‘छान झालं’ म्हटल्याचं मला आठवत नाही. मीठ कमी पडलं तर तेवढं सगळ्यांना कळायचं.

मी मॅट्रिकला होते त्या हिवाळ्यात मोठीआई कडब्याच्या गंजीवरून पडली आणि उजवा हात मनगटात मोडला. हाड बसवणाऱ्याने तो वाकडाच बसवला. शेजारच्या कौसाबाईने काही दिवस भाकरी पुरवल्या, पण तिलाही तिचं घर होतं. माझा चुलतभाऊ नारायण तेव्हा बिनलग्नाचा, तर त्याचं घाईने लग्न उरकून सून आणावी असा एक सल्ला आला. घराला हात हवे होते. त्या हातांबरोबर एक अख्खी मुलगी येते, हे कोणाच्या गावीही नव्हतं. शेवटी सगळ्यांना आठवलं की या घरात एक पोरगी आहे आणि ती वाशीमला नुसती पुस्तकं वाचत बसली आहे. मला बोलावणं आलं.

मी गेले. पुस्तकं पेटीत राहिली आणि मी भाकरी थापू लागले. परीक्षा जवळ येत होती. मुलाचं एक वर्ष बुडालं तर एकच बुडतं; मुलीचं बुडालं की पुढची सगळी त्याच्यामागे जातात, हे मला पत्रकांतून नव्हे, आमच्याच गावातल्या मैत्रिणींकडे बघून माहीत होतं. एका संध्याकाळी भाकर ताटात टाकतानाच मी विषय काढला. म्हटलं, साऱ्या गावाचे रोडगे तुम्ही भाजता, मग घरातल्या चौघांच्या भाकरी तुम्हाला का होत नाहीत?

“वावरातली गोष्ट येगळी हाय,” मोठेबाबा म्हणाले.

“काहून येगळी?”

“येगळी म्हनजे येगळी. घरातली चूल बाईची.”

यावर मी बरंच बोलले. समान हक्क बोलले, राज्यघटनासुद्धा बोलले. नारायण खाली मान घालून हसत होता. मोठेबाबांनी ताटावरून उठून हात धुतले आणि निजायला गेले.

सकाळी उठून पाहते तर अंगणात लिंबाखाली तीन दगड मांडलेले, त्यावर तवा, आणि मोठेबाबा उकिडवे बसून काटवटीत पीठ मळताहेत. माझ्याकडे न बघता म्हणाले, पेटी उचल, मोटार निघून जाईल. माझा ऊर भरून आला. आता हा माणूस जगापुढे उभा राहणार, असं मला वाटलं... तेवढ्यात कुडापलीकडून कौसाबाईने विचारलं, “काय भाऊ, आज आंगनात?”

“नवस हाय मारोतीचा,” मोठेबाबा म्हणाले. “शिवरात्रीपावतर बाप्याच्या हातचंच खायचं, घरादारानं.”

मी थक्क झाले. मोटारीच्या रस्त्यापर्यंत पेटी त्यांच्या डोक्यावर आणि मी मागून भांडते आहे. म्हटलं, खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? बायकोचा हात मोडला, पुतणीला शिकायचंय, म्हणून मी रांधतो, एवढं एक वाक्य. ते ऐकून चार घरांतल्या चार पुरुषांना लाज वाटली असती. ते पेटी खाली ठेवत म्हणाले, “तुले परीक्षा द्याची हाय का भासन द्याचं हाय?”

परीक्षा दिली, पासही झाले. त्या खोट्या नवसावर माझी मॅट्रिक उभी आहे, हे मला आजही बोचतं.

मोठीआईचा हात पुढे उन्हाळ्या-पावसाळ्यात जेमतेम चालायचा, पण थंडी पडली की बोटं आखडायची. म्हणून दर हिवाळ्यात अंगणातले दगड पेटायचे. मोठेबाबा भाकरी शिकले, अंबाडीची भाजी शिकले, हरभऱ्याचा कोवळा पाला तेलमिठात कालवायला शिकले. पण स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. दारात उभे राहून हिंग मागायचे, तेल मागायचे, आणि मोठीआई डाव्या हाताने एकेक जिन्नस बाहेर द्यायची. पुढे नारायणाचं लग्न झालं, सुशीलावहिनी आली, तरी त्यांनी नवस सोडला नाही. सुनेचे हात घरातल्या बाकी कामांना पुरत नाहीत हे त्यांना दिसत होतं. दिसत सगळं होतं. बोलायचं तेवढं नव्हतं. मी दर सुटीत तोच वाद काढायचे. म्हणायचे, आता तरी गावाला खरं सांगा.

“गावाले ठाव हाय.”

“ठाव आहे तर सांगत काहून नाही?”

“ठाव हाय म्हनून.”

अशा माणसाशी कसं भांडायचं? करायचं सगळं, आणि तत्त्व म्हणून मान्य करायचं काहीच नाही.

तेरवीला जेवणं उरकल्यावर मंडळी अंगणात उन्हाला बसली होती. त्या साली थंडी जोरावर येण्याआधीच ते गेले, म्हणून दगड पेटलेच नव्हते. कौसाबाईने विषय काढला, की भाऊचा नवस आता कोण चालवणार. बाप्याच्या हातचा नवस, तर तो पोरावरच येतो. नारायणाचा चेहरा पडला. मग त्याला माझी आठवण झाली.

“सुमे, तू तं नवस मानत नाई,” तो म्हणाला. “सांग ना याईले.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खरं सांगितलं तर नारायण सुटणार होता, आणि हिवाळ्याचं सगळं रांधणं सुशीलावहिनीवर आणि मोठीआईच्या त्या वाकड्या हातावर येणार होतं. गप्प बसले तर मी आयुष्यभर ज्याला थोतांड म्हटलं त्यालाच खांदा दिल्यासारखं होणार होतं. मोठेबाबांनी मला नेमक्या या ठिकाणी आणून ठेवलं होतं आणि स्वतः निघून गेले होते. मी मोठीआईकडे पाहिलं. ती पदराखाली बोटं चोळत होती.

“नवस-बिवस काही नोयता,” मी म्हटलं. “मोठीआईचा हात मोडला होता, माही परीक्षा होती, म्हनून ते रांधत होते.”

नारायणाने सुटकेचा निःश्वास टाकला. कौसाबाईने सुपारीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, “मंग? आता बरा झाला काय तिचा हात?”

नारायण लिंबाखालच्या थंड दगडांकडे बघू लागला. पाहुण्यांतले पुरुष टोप्या सावरत उठायला लागले.

परवा मी गावी जाऊन आले. सकाळी लिंबाखाली धूर होता. नारायण डोळे पुसत भाकर उलटत होता. कुडापलीकडच्या कोणी नवस कसला म्हणून विचारलं तर चिडून सांगतो, मायचा हात दुखतो. मोठीआई पाटावर उन्हात बसून डाव्या हाताने पहिली, गरम भाकर खात होती. मला म्हणाली, बापापेक्षा जाड थापतो, पण येईल वळण. मी तिच्याशेजारी बसले. नारायणाने माझ्या ताटातही एक टाकली, कडेने करपलेली. इतक्या वर्षांचा वाद मी जिंकला होता. एका वाक्याने जिंकला होता, आणि ते वाक्य बोलल्याने आभाळ कोसळलं नव्हतं... हे ज्यांना ऐकवायचं ते तेवढे समोर नव्हते. याचाही मला त्यांच्यावर रागच येतो.