ओढणीच्या आधी

भोरच्या एसटी डेपोसमोर नजीरभाईंचं सायकलचं दुकान. त्यांची लेक नुजहत घरी ब्लाउज शिवायची आणि दोन हजार सातच्या उन्हाळ्यात तिच्या डोक्यात फोटोग्राफीचं खूळ शिरलं. खूळ हा घरच्यांचा शब्द. तिचं म्हणणं सरळ होतं. त्यांच्याकडच्या लग्नांत बायकांच्या बाजूला फोटोवाल्या पुरुषाला पाऊल ठेवता येत नाही, म्हणून नवऱ्यामुलींचा मैत्रिणींबरोबर एक धड फोटो नसतो. तिथे बाईच कॅमेरा घेऊन गेली तर कोण अडवणार?

पहिला प्रयोग तिने मामेबहीण गुलफशाच्या लग्नात केला, शेजाऱ्यांचा खिशात मावणारा कॅमेरा मागून आणून. त्याची तऱ्हाच न्यारी. बटण दाबलं की आधी तांबडा दिवा लुकलुकणार, मग साहेब थोडा विचार करणार आणि मग कुठे फोटो निघणार. तेवढ्यात बायकांच्या ओढण्या तोंडावर. फोटो काढ म्हणून त्याच मागे लागलेल्या, पण दिवा दिसला की जन्माची सवय हाताला गप्प बसू देत नव्हती. सगळे फोटो ओढण्यांचे निघाले.

"लगीन गुलफशाचं व्हतं का कापडदुकानाचं?" थोरला भाऊ वसीम म्हणाला.

नुजहत हसली नाही, भडकली. "चूक माजी न्हाई. त्यो कॅमेरा उशिरा टिपतो. मला डीएसएलआर पायजे, बटन दाबलं की लगीच टिपनारा मोठा कॅमेरा."

"मोठा घेतल्यावर ओढण्या मोठ्या दिसतील."

स्वतःच्या शिलाईच्या पैशांतून घेते म्हटल्यावर नजीरभाईंचा नाइलाज झाला. त्यांनी वसीमला सोबत पुण्याला धाडलं. तिथल्या कॅमेऱ्यांच्या दुकानदाराने नुजहतकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने वसीमपुढे एक छोटा गुलाबी कॅमेरा ठेवला. "ताईंना हा हलका पडेल. शिवाय मेगापिक्सल जास्त."

"रंग कुणी इचारलाय?" नुजहत म्हणाली. तिने वसीमला स्टुलावर बसवून त्याच्या हातात रुमाल दिला. "भाई, दिवा दिसला नाहीतर आवाज आला की तोंड झाकायचं. लबाडी न्हाई करायची."

भर दुकानात वसीमला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बहीण ऐकेना. गुलाबी कॅमेऱ्यात रुमाल आला. चंदेरी कॅमेऱ्यातही रुमालच आला. मग तिने कपाटातला जड, काळा डीएसएलआर काढायला लावला, त्यातल्या त्यात साधा, गुलाबीपेक्षा कमी मेगापिक्सलचा. खटकन आवाज झाला आणि पडद्यावर वसीम दिसला, तोंड अर्धवट उघडं, रुमाल अजून मांडीवर.

वसीमने तो फोटो बराच वेळ न्याहाळला. "ह्योच घे," तो पडेल आवाजात म्हणाला.

दुकानदाराने कॅमेरा वसीमच्या हातात दिला. नुजहतने तो तिथल्या तिथे काढून घेऊन आपल्या गळ्यात अडकवला.

पुढच्याच महिन्यात सारोळ्याला नात्यातलं एक लग्न होतं. बायकांच्या बाजूला नुजहत नुसती सुटली होती. फोटो काढायचा, जिचा तिला लगेच पडद्यावर दाखवायचा, नको म्हणाली तर पुसायचा. एकीनेही पुसायला लावला नाही. नवऱ्याची आजी जाहिदानानी तर आपलं हसरं बोळकं बघून म्हणाली, "मी अशी दिसते व्हय? आणिक एक काढ."

तेवढ्यात पुरुषांकडून निरोप आला. त्यांचा फोटोवाला दुसऱ्याच लग्नात अडकला होता. नवऱ्याचे चुलते अमीरचाचा दाराबाहेर उभे होते, पुरुषांतले सगळ्यात वडीलधारे.

"पोरी, कॅमेरा वसीमकडं दे. त्यो काढंल आमचे."

"कॅमेरा माजा हाय, चाचा. फोटो मीच काढनार."

"पुरुषांत? लोक काय म्हनतील?"

"मग ऱ्हाऊ द्या. बायकांचे झालेत, मला घाई न्हाई."

चाचांनी वसीमकडे पाहिलं. वसीम म्हणाला, "मला न्हाई जमत, चाचा. तिला जमतं."

पाऊल मागे घेणार नाही हे नुजहतचं ठरलेलं होतं. शेवटी नवऱ्यालाच राहवेना. तो मांडवात जाऊन उभा राहिला. त्याच्यामागून एकेक जण आला, सगळ्यात शेवटी चाचा. रांग लागली आणि नुजहतने कॅमेरा डोळ्याला लावला. एवढे मिशीवाले बाप्ये, पण पोरीसमोर सगळ्यांच्या नजरा जमिनीला.

"चाचा," ती म्हणाली, "हिकडं बघा. माज्याकडं."

चाचांनी मान वर केली.