चाइल्ड लॉक

संत्र्याच्या सालीचा वास आला की मला आयर्लंडमधल्या एनिसहून शॅननच्या कारखान्याकडे जाणारी ती गाडी आठवते. गाडी पुण्याच्या एका सहकाऱ्याची, पुढच्या सीटवर त्याचं सामान, आणि मागे त्याच्या लेकीच्या रिकाम्या कार-सीटला चिकटून मी; पायाशी तिनं टाकलेल्या साली, बाहेर पाऊस, काचांवर वाफ. रेडिओवर कुणीतरी आयर्लंडच्या फाळणीबद्दल बोलत होतं. त्यावरून तो आरशातून माझ्याकडे बघत सहज म्हणाला, "आपल्याकडे तरी काय, तुमच्याच लोकांनी पाकिस्तानला मतं दिली ना?" मी म्हटलं, "माझे पणजोबा रत्नागिरीकडचे खलाशी. खिलाफतीच्या सभांना खादीच्या टोपीवर चंद्रकोर लावून जायचे. मताचं म्हणशील, तर इंग्रजांच्या राज्यात जमीनजुमला किंवा शिक्षण असेल त्यालाच मत होतं. त्यांच्याकडे दोन्ही नव्हतं." तो मनापासून हसला. "अरे, तुझ्या पणजोबांचं कोण म्हणतंय? मी तुमच्या लोकांचं म्हणतोय." कारखान्याच्या दारात गाडी थांबताच मी हँडल ओढलं, पुन्हा ओढलं, दार हलेना. लेकीसाठी चाइल्ड लॉक लावलेलं होतं. तो छत्री घेऊन वळसा घालून आला, बाहेरून दार उघडलं आणि स्वतः भिजत छत्री माझ्या डोक्यावर धरून म्हणाला, "सांभाळून उतर रे, पाणी साचलंय." मी थँक्यू म्हणालो, दुसरं काय म्हणणार! आता माझी स्वतःची गाडी आहे, पुढे मीच बसतो; तरी तो प्रश्न कुणी ना कुणी अजून हसत विचारतंच, आणि माझा हात त्या न उघडणाऱ्या हँडलकडे जातो.