वाचून दाखवलेली वही

लोबानाचा वास आला की दुबईच्या देऱ्यातली झावळ्यांच्या झोपड्यांची ती वस्ती आठवते. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या काळ्या माणसांची मुलं-नातवंडं तिथे राहत. साठच्या दशकात मी रत्नागिरीहून जाऊन जवळच्या पेढीवर कारकुनी करायचो. त्यांच्यातली एक म्हातारी लोबान पेटवून मला बसवायची आणि म्हणायची, ‘यल्ला, लिही. मी गेले की हे कोण सांगणार?’ तिच्या आईला कुठल्या गलबतातून आणलं, कोण कोणाच्या मालकीचं होतं, वस्तीतला पहिला ढोल कुणाचा, सगळं मी हिवाळाभर मराठीत लिहून घेतलं. मग एका शुक्रवारी तिच्या नातवाला मुलगी द्यायला मोठ्या घरचे लोक आले. मुलीच्या बापानं मूळ विचारलं, तशी म्हातारीनं माझीच वही सर्वांसमोर माझ्या हातात दिली. ‘या हिंदी पोरानं लिहून ठेवलंय. वाच, आम्ही पहिल्यापासून इथलेच.’ मराठी तिथे कोणालाच येत नव्हती. समोरच्या पानावर तिच्या आईचं गलबत होतं, आणि मी अरबीत वाचून दाखवलं, ‘पहिल्यापासून इथलेच.’ कहवा फिरला. पहिला पेला तिनं मला दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही. हिवाळाभर मी तिच्या आईला जपलं होतं आणि तिनं माझ्याच तोंडून तिला पुसून टाकलं. वही घेऊन निघालो, तो त्या घरी मी पुन्हा गेलो नाही. परवा नातीनं ती वही उघडून विचारलं, ‘आजोबा, व्हॉट डझ इट से?’ आणि माझ्या तोंडून पटकन तेच निघालं, ‘पहिल्यापासून इथलेच.’