उष्टा पाचू

रंगीत खड्यांना पैलू पाडायच्या त्या कारखान्यात ‘उष्टं करणं’ हा रोजचा शब्द होता. काठीच्या टोकाला लाखेनं चिकटवलेला खडा फिरत्या तांब्याच्या चकतीवर टेकवायचा, घासायचा, उचलायचा आणि खालच्या ओठाला लावून किती तापलाय ते बघायचं. बोटं काम करून निबर झालेली, पण ओठाला बरोबर कळे. एकानं उष्टा केलेला खडा दुसऱ्याच्या तोंडी जात नसे. शेवटच्या पैलूपर्यंत तो त्याचाच. “एवढ्या मोठ्या घरच्या बायका, आणि आपलं उष्टं गळ्यात घालून मिरवतात!” म्हणून सगळे हसत.

थोरलीचा ओठ कारखान्यात नावाजलेला. धाकट्या जावेला तिनंच हाताशी धरून तयार केलं होतं. घरी दोघींच्या चुली वेगळ्या, बोलणं कामापुरतं. इथे मात्र चकत्या शेजारीशेजारी.

अलीकडे थोरलीचा ओठ बधिर व्हायला लागला होता. आधी डावा कोपरा, मग सगळाच. चहा हनुवटीवर ओघळे आणि नवरा म्हणे, “अगं, पूस की, लहान आहेस का?” दात दुखतोय, असं ती सांगे. डॉक्टरकडे जायचं टाळत होती. डॉक्टरनं दुखण्याचं काही नाव सांगितलं असतं, तर ते खरं झालं असतं. कारखान्यात साधे, दणकट खडे अंदाजानं निभावले. मनगटाला लावून पाहिलं, पण मनगटाला गरम आणि गार एवढंच कळे. मधलं काही नाही.

अशात मालकानं तिच्यापुढे पाचू ठेवला.

“आत केसाएवढी चीर आहे बाई. जरा जास्त तापला की पसरलीच समजा. तुमच्याशिवाय कुणाच्या हाती देऊ?”

‘नको’ म्हणायची वेळ हीच होती. ती म्हणाली, “ठेवा.”

पहिले पैलू तिनं भीतभीत, थांबून थांबून पाडले. दरवेळी खडा ओठाला लावायची, क्षणभर डोळे मिटायची, मान हलवायची. नाटक अगदी हुबेहूब. दुपारी पाण्याचं भांडं भरून आलेली धाकटी तिच्याकडे बघतच राहिली.

“जाऊबाई, ओठाला काय झालंय?”

“कुठं काय?”

“फोड आलाय केवढा! भाजलंय. तुम्हाला कळलं नाही?”

थोरलीनं ओठावर बोट फिरवलं. बोटाला फोड लागला. ओठाला बोट लागलं नाही. तिनं घाईनं भिंग डोळ्याला लावलं आणि खडा उजेडात धरला. चीर होती तिथेच होती. अजून.

“चहानं भाजलं असेल,” ती म्हणाली.

“चहा तर तुम्ही गार करून पिता. जाऊबाई, माझ्याशीसुद्धा?”

थोरलीनं चकती पुन्हा सुरू केली. खडा टेकवला, उचलला, ओठापाशी नेला आणि हात तसाच राहिला. मग तिनं काठी शेजारी सरकवली.

“उष्टा कर.”

“मी? तुमचा खडा?”

“कर म्हणते ना! फुटेल तो.”

धाकटीनं पदराला ओठ पुसले, खडा लावला आणि झटकन मागे घेतला.

“तापलाय.”

“किती?”

“म्हणजे... तापलाय.”

“अगं, तापलाय म्हणजे थांबायचं तापलाय, की अजून दोनदा टेकवता येईल इतका?”

“थांबायचं, बहुतेक.”

“बहुतेक!” थोरलीचा आवाज चढला तशी बाकीच्या चकत्यांवरची डोकी वळली. मालक उठून आला. कुणाचा खडा कुणाच्या तोंडाला लागला ते त्यानं पाहिलं होतं.

“काय चाललंय?”

धाकटी म्हणाली, “माझंच चुकलं, मी आपली गंमत...”

“गंमत नाही,” थोरली म्हणाली. “माझ्या ओठाला काही कळत नाही. बरेच दिवस झाले. खडा तिला द्या.”

 मालकानं काठी उचलून धाकटीच्या चकतीवर ठेवली आणि जाता जाता म्हणाला, “बाई, आधी डॉक्टर.”

थोरलीनं मान डोलावली, पण उठली नाही. तिनं आपली चकती बंद करून स्टूल धाकटीजवळ ओढलं.

“टेकव. हलक्या हातानं. हं, उचल. आता लाव. कसा आहे?”

“कोमट.”

“कसला कोमट?”

“आता ते कसं सांगू, जाऊबाई? तुम्हाला कसा लागायचा?”

थोरली आठवायला लागली. खडा तोवर निवून गेला.