चावीपुरतं इंग्रजी

‘अगेन,’ केतकी म्हणाली. ‘अँड विथ अ प्लीज धिस टाइम.’

मी तिच्या टेबलासमोर उभी. पोटात कळ आलेली. तिच्या ड्रॉवरात चावी, लेडीज टॉयलेटची. मी म्हटलं होतं, ‘गिव्ह मी की.’ मनात आलं होतं ‘चावी द्या ना’. पण त्यातला ‘ना’ इंग्रजीत कुठे घालायचा ते मला माहीत नव्हतं. ‘द्या’मधला मानही वाटेत गळून पडला. तोंडातून निघालं ते एवढंच.

‘प्लीज गिव्ह मी की.’

‘द की.’

‘प्लीज गिव्ह मी द की.’

‘बेटर. नाउ से, मे आय प्लीज हॅव द की.’

आजूबाजूच्या टेबलांवर सगळ्यांची बोटं की-बोर्डवर आणि कान आमच्याकडे. मी म्हटलं. पूर्ण वाक्य म्हटलं. मग तिने ड्रॉवर उघडला, दोन बोटांनी चावी उचलली आणि टेबलाच्या कडेला ठेवली. माझ्या हातात दिली नाही. ‘सी? नॉट सो डिफिकल्ट.’ आणि मी वर ‘थँक्यू मॅडम’ म्हणाले. तेही म्हणाले! आठवलं की आजही अंगाची लाही होते.

तेव्हा मी तिला मॅडम म्हणायचे. आता नुसतं केतकी. कुणाला खटकलं तर खटकू दे.

कंपनी अंबरनाथच्या एमआयडीसीत. खाली पॅकिंग, कंत्राटदाराच्या हाताखाली; वर ऑफिस. औषधांच्या गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरायच्या, खोकी पेटीत, पेटीला टेप. मी कित्येक वर्षं खाली तेच केलं. घरी बसून अभ्यास करून बी.कॉम. झाले, तेव्हा मला वर डिस्पॅचच्या टेबलावर घेतलं. घेतलं म्हणजे तात्पुरतं. ‘काम बघू, मग पक्कं करू,’ असं साहेब म्हणाले. बदलापूर पश्चिमेला बेलवलीत, आमच्या गल्लीत आईनं पेढे वाटले. मला कोण आनंद झाला होता. जिना चढले म्हणजे सुटले, असं वाटलं होतं.

वर पहिल्याच दिवशी केतकीनं माझं आडनाव विचारलं. ऐकलं, मान हलवली आणि म्हणाली, ‘ओह. कोट्यातून?’ प्रायव्हेट कंपनीत कसला आलाय कोटा? पण मी मान डोलावली. हसलेसुद्धा थोडी.

आता टॉयलेटचं सांगते. खाली बायकांसाठी एक संडास आहे. त्याच्या दाराला कडी नाही आणि नळाला पाणी नाही. कधी कुणी ड्रम भरून ठेवला तर ठेवला. वर ऑफिसात दुसरं टॉयलेट आहे, टाइल्सचं, आरशाचं. त्याला कुलूप. का, तर खालच्या बायका येऊन घाण करतात. चावी केतकीकडे. तिला चावी कुणी दिली नव्हती, तिनेच ठेवून घेतली होती.

ऑफिसातल्या बाकीच्या पोरी काय करायच्या? सरळ यायच्या. ‘केतू, चावी घेते गं.’ ड्रॉवर उघडला, चावी घेतली, गेल्या. केतकी मान वर न करता म्हणायची, ‘घे की.’ कुठे प्लीज नाही, कुठे मे आय नाही. एक ‘गं’ पुरायचा. केतकी मराठीच, बदलापूरचीच, पूर्वेला राहणारी. भाजीवाल्याशी फोनवर झकास मराठीत भांडायची. माझ्याशी मात्र इंग्रजीच. मी एकदा धीर करून मराठीत चावी मागितली, तर म्हणाली, ‘विथ यू आय स्पीक इंग्लिश फॉर युवर ओन गुड.’ माझ्या भल्यासाठी.

आमच्या नगरपालिकेच्या शाळेत इंग्रजीचं पहिलं वाक्य कोणतं शिकवलं होतं माहीत आहे? ‘मे आय गो टू टॉयलेट?’ करंगळी वर करायची आणि म्हणायचं. बाईंनी मान हलवली की पळायचं. मी बी.कॉम. झाले, तिशी ओलांडली, आणि अजून करंगळी वर करूनच उभी.

तरी मी ठरवलं, शिकायचं. हट्टाने. मोबाइलवर व्हिडिओ लावायचे. ऑफिसात सहकाऱ्यांकडे मदत कशी मागावी, नम्रपणे. त्यातली बाई गोड हसून सांगायची, एकदम ‘गिव्ह’ म्हणू नका. ‘कुड यू प्लीज’ म्हणा. त्याहून नम्र, ‘वुड यू माइंड’. मी भांडी घासता घासता म्हणायचे. वुड यू माइंड गिव्हिंग मी द की. वुड यू माइंड गिव्हिंग मी द की.

आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, ‘काय पुटपुटतेस गं मघापासून? मराठीत सांग की.’

मी मराठी करून सांगितलं. ‘तुमची काही हरकत नसेल, तर मला चावी देता का?’

‘कशाची चावी?’

‘संडासाची.’

लाटणं थांबलं. ‘संडासला जायला एवढं बोलायचं?’

मी म्हटलं, ऑफिसात असंच असतं, त्याला मॅनर्स म्हणतात. आईनं पोळी तव्यावर टाकली. मग तव्याकडे बघतच म्हणाली, ‘तुझी आजी सणावारी गावात वाढण मागायला जायची. टोपली घेऊन दारापासून लांब उभं राहायचं आणि हाक द्यायची. वाढा वो माय. आधी घरधन्याचं बरं व्हावं म्हणायचं, लेकराबाळांचं बरं व्हावं म्हणायचं, मग मागायचं. धर्म बदलला तेव्हा तिनं पहिली काय टाकली असेल तर ती टोपली. परत कुणाच्या दारात उभी राहिली नाही. उपाशी झोपली, पण नाही राहिली.’ पोळी उलटली. ‘तू इंग्रजीत सुरू केलंस.’

मला तिचा संताप आला. तुला काय कळतंय ऑफिसातलं, म्हणाले. तिचं बोलणं झोंबलं होतं म्हणून जास्तच जोरात म्हणाले. मला वरचं टेबल हवं होतं. पक्की नोकरी हवी होती. खाली पुन्हा टेप लावायला जायचं नव्हतं. त्यासाठी चार शब्द गोड बोलले तर काय झिजणार होतं माझं?

दुसऱ्या दिवशी केतकीसमोर उभी राहिले आणि एका दमात म्हटलं, ‘वुड यू माइंड गिव्हिंग मी द की?’

केतकीनं माझ्याकडे पाहिलं. हसली. ‘यस,’ म्हणाली.

मी हात पुढे केला.

ती तशीच बसून. माझा हात तसाच पुढे. शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरीकडून, मग सगळेच. केतकी म्हणाली, ‘आय सेड यस. यस, आय वुड माइंड.’ मला कळेचना. यस म्हणाली ना? मग चावी का देत नाही? मी येड्यासारखी त्यांच्याबरोबर हसले. शेवटी हात मागे घेतला आणि जागेवर जाऊन बसले, पोट दाबून.

अकाउंट्सला दीपा आहे, उल्हासनगरची, सिंधी. पोटात माया असलेली पोरगी. तिनं चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन समजावलं. ‘अरे, माइंड मतलब तकलीफ़ है क्या, ऐसा पूछते हैं। देना है तो नो बोलते हैं। उसने यस बोला, मतलब तकलीफ़ है, नहीं देती। मज़ाक किया तेरे साथ।’ मग मिस्कील हसून म्हणाली, ‘अंग्रेज़ लोग भी ना, हाँ का ना कर देते हैं।’

काय ती भाषा. हो म्हटलं की नाही आणि नाही म्हटलं की हो. मी डोक्यात पक्कं करून ठेवलं.

मग सुगंधाबाई वर आली तो दिवस उजाडला. ती पॅकिंगमधली, पन्नाशी उलटलेली, बारवी धरणाजवळच्या पाड्यावरून यायची. धरणाचं पाणी आमच्या सगळ्या शहरांना जातं, ही बाई मात्र कामावर दिवसभर घोटभर पाणी पीत नव्हती. शुगर होती तिला. प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं कुठे? त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती जिना चढून आली. साडी मुठीत धरलेली, चेहरा कसानुसा.

‘बाय, चावी दे गो. खाली पानी नाय. मना थांबवत नाय.’

तिला वाटलं, मी वर बसते म्हणजे चावी माझ्याकडे असेल. मी तिला थांब म्हटलं आणि केतकीच्या टेबलाशी गेले. आणि सुरू झाले.

‘एक्स्क्यूज मी, मॅडम. सॉरी टू डिस्टर्ब यू. इफ इट इज नॉट अ प्रॉब्लेम, कुड यू प्लीज…’

केतकीनं स्क्रीनवरची नजर न हलवता एक बोट वर केलं. थांब. मी थांबले. बोट खाली आलं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वाक्य तोडायचं नाही, असं व्हिडिओतली बाई सांगायची. ‘एक्स्क्यूज मी, मॅडम. सॉरी टू डिस्टर्ब यू. इफ इट इज नॉट अ प्रॉब्लेम…’

मागे फरशीवर पाणी पडल्याचा आवाज आला.

वळून पाहिलं. सुगंधाबाई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. मान खाली. पायाशी ओलं पसरत चाललेलं. माझ्या आईच्या वयाची बाई, सगळ्या ऑफिससमोर. ड्रॉवर माझ्या हाताच्या अंतरावर होता. तो ओढायला एक क्षण लागला असता. मी मॅनर्स पाळत होते.

कुणी उठलं नाही. कुणी नाकाला रुमाल लावला. केतकी ‘ओ माय गॉड’ म्हणाली. साफसफाईवाली जेवायला गेली होती. मग केतकी माझ्याकडे वळली आणि अगदी हळू आवाजात, अगदी गोड, व्हिडिओतल्या बाईपेक्षा गोड, म्हणाली, ‘वुड यू माइंड क्लीनिंग धिस? यू नो हर, ना. यू आर फ्रॉम देअर ओन्ली.’

‘यस,’ मी म्हणाले.

‘थँक यू सो मच.’ आणि ती परत स्क्रीनकडे वळली.

तिला वाटलं, ही येडी पुन्हा चुकली. यस म्हणजे हो, असं समजून पुसायला निघाली. माझं ‘नाही’ तिच्या कानातच शिरलं नाही. माझ्याकडून नाही येऊ शकतं, हेच तिला ठाऊक नव्हतं.

‘केतकी,’ मी म्हटलं. मॅडम नाही लावलं. मराठीत म्हटलं. ‘मी चुकले नाही. यस म्हणजे मला चालणार नाही. तुम्हीच शिकवलंत. मी पुसणार नाही.’

ती उठली. मी तिच्या बाजूने हात घातला, ड्रॉवर ओढला, चावी घेतली. घाबरलेच होते, खोटं कशाला सांगू? सुगंधाबाईला धरून टॉयलेटमध्ये नेलं. तिची साडी पिळली, पाय धुतले. ती सारखी म्हणत होती, ‘माफ कर गो बाय, माफ कर.’ माफी ती मागत होती! माझ्या डोळ्यांना धार लागली. रागाची होती ती, दुसरी कसली नाही.

संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ‘यू वेअर व्हेरी रूड,’ म्हणाले. खालच्या संडासात पाणी नाही, असं मी सांगितलं. म्हणाले, तो विषय वेगळा. आधी केतकीला सॉरीचा मेल टाक, सगळ्यांना कॉपी ठेव. मग तुझं पक्कं करायचं बघू. दीपानं तर माझ्यासाठी मेल टाइप करून आणला. ‘लिख दे ना यार। दो लाइन का सॉरी है। वो भी भूल जाएँगे, तू भी भूल जा।’ वाचला. सुंदर इंग्रजी होतं. मी तो पाठवला नाही. दीपा त्यानंतर माझ्याशी बोलायची, पण आजूबाजूला बघून.

मला खाली पाठवलं. पुन्हा टेप. वर टॉयलेटला आता नंबरचं कुलूप बसलंय, असं ऐकते.

आणि सुगंधाबाई? दुसऱ्याच दिवशी कंत्राटदारानं तिला येऊ नको म्हणून सांगितलं. रविवारी मी तिच्या पाड्यावर गेले. तिनं कोरा चहा दिला. म्हणाली, ‘तुजा काय चुकला नाय. मीच मागाया नको होता.’ मला वाटलं होतं, तिला राग आला असेल. तो असता तर बरं झालं असतं. मी चहा संपवला आणि परत आले.

खालच्या बायका माझ्यापासून जरा लांब बसून डबा खातात. त्यांना दोष देत नाही. कंत्राटदाराचा माणूस बघत असतो. आईला सगळं सांगितलं, तर तिनं शाबासकीबिबासकी काही दिली नाही. तिला झोप लागत नाही आता. काहीही बदललं नाही. बदलेल असं मला वाटतही नाही.

पण एक काम मी रोज करते. सकाळी कंत्राटदाराचा माणूस हजेरी घ्यायला आला की सगळ्यांच्या देखत त्याला सांगते, ‘खाली पाणी पाहिजे.’ तो म्हणतो, ‘नीट बोल.’ मी पुन्हा तेच सांगते. तो म्हणतो, ‘रिक्वेस्ट कर, मग वर कळवतो.’ मी पुन्हा तेच सांगते. आज म्हणाला, ‘उद्या हे बोललीस तर गेटच्या बाहेर.’

उद्या बोलणार आहे. बाहेर काढलं तर गेटवर उभी राहून बोलणार आहे. तीनच शब्द आहेत. चौथा जोडणार नाही.