मांडवाशिवाय धवला

नंदू गेल्याची बातमी आली तेव्हा त्याची रेकॉर्ड अजून बोटीत होती. सकाळी त्याच्या थोरल्या बहिणीचा, वंदनाताईंचा फोन आला. "सुहास, आपला नंदू गेला रे... काविळीनं." मी मूर्खासारखं विचारलं, "आणि रेकॉर्ड?" त्या शांतपणे म्हणाल्या, "नाय आली अजून."

नंदू डोंबिवलीच्या खाडीकाठच्या गावातला आगरी मुलगा. कॉलेजात आम्ही बँड काढला होता. तो गिटार वाजवायचा आणि मी ड्रम बडवायचो. ठाण्यात टेंभी नाक्याच्या नवरात्रात लोकांनी आम्हाला दुसऱ्याच गाण्याला खाली उतरवलं आणि गरबा सुरू केला. बँड फुटला, मी निमूटपणे केमिकल कंपनीत चिकटलो. नंदू मात्र हट्टाला पेटला. घरच्या टेपरेकॉर्डरवर त्याने एकट्याने अख्खा अल्बम भरला. मराठी रॉक! ना धड भावगीत, ना धड दंगा. तो पुरा झाला त्या संध्याकाळी आम्ही दोघं ऐकत बसलो. शेवटचं गाणं संपलं, तरी आपल्याच कौतुकात टेप बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही... आणि एकदम नंदूची आई गायला लागली. खणखणीत. मी दाराकडे पाहिलं, तर आई उंबऱ्यात सुकट निवडत बसलेली, तोंड मिटलेलं. नंदू पांढराफटक पडला. त्याने झडप घालून बटण दाबलं.

आई धवलारीण होती. लग्नात मांडवाखाली धवले गायला तिला गावोगावची बोलावणी असत. वंदनाताईंच्या लग्नातले तिचे धवले नंदूने हौसेने टेप केले होते आणि कुणी पुसू नये म्हणून कॅसेटच्या मागचं प्लास्टिक तोडलं होतं. पण तोडायचं आणि अडलं की त्याच भोकावर चिकटपट्टी लावायची, हा उद्योग तेव्हा घरोघरी चालायचा. गाण्यांच्या तंद्रीत नंदूने नेमकी तीच कॅसेट उचलली आणि भोकावर पट्टी मारली, वरचं नावसुद्धा न बघता. आईचे धवले पुसले गेले; उरला होता तो शेवटचा तुकडा. तो आईच्या पाया पडला, पुन्हा गा म्हणाला. आई हसली. "मांडव नाय, नवरी नाय, धवला कोनाला गाऊ? तुझ्या लग्नान गाईन, तवा भर तुझी टेप."

पुढच्या मार्गशीर्षात आई गेली.

नंदूने लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "गायला कोन हाय?" त्याचा टेपरेकॉर्डर जुना, आधीचं धड पुसायचा नाही. त्यामुळे नंदूचं गाणं हळू झालं की खालून पुसट आई ऐकू यायची. तो तेवढंच कान लावून ऐकायचा. "बघ... इथं आहे ती," असं म्हणत माझ्याकडे पाहायचा, तेव्हा मला सरळसरळ भीती वाटायची. शेवटचा तुकडा मात्र त्याने माझ्यासमोर पुन्हा कधी लावला नाही, आणि आम्ही लोकांना वाटलेल्या कॅसेटींवरही तो नव्हता.

त्यातली एक कॅसेट फिरत फिरत परदेशातल्या हौशी मंडळींच्या छोट्या कंपनीकडे पोचली. नव्वदीतल्या त्या दिवसांत, सगळे रेकॉर्डी भंगारात घालत असताना, त्यांना नंदूची रेकॉर्ड काढायची होती! मूळ कॅसेट मागवून घेतल्यावर त्यांचा फोन आला की, मागे कुणा बाईचा आवाज येतो, तो साफ करून देतो. गावातल्या पीसीओच्या काचेमागे नंदू ओरडत होता आणि मी बाहेर उभा होतो. "तिचा काढणार असाल तर माझापण काढा! आणि शेवटचं गाणं संपल्यावर टेप थांबवू नका." ते हो म्हणाले खरे. पण ऐकतील याची खात्री त्याला नव्हती. आजारपणातही त्याचा तोच घोर होता, "सुहास, ठेवली असेल ना रे तिला?"

नंदू गेल्यावर काही दिवसांनी पार्सल आलं. वंदनाताई ते छातीशी धरून माझ्याकडे आल्या. अख्ख्या ओळखीत रेकॉर्ड प्लेअर उरला होता फक्त ठाण्याच्या माझ्या मामांकडे, त्यांच्या नाट्यगीतांसाठी. तिथे गेलो. मामांनी सुई ठेवली. पहिलंच गाणं हळू झालं आणि वंदनाताईंनी माझं मनगट धरलं. होती. गाण्याखाली आई होती.

दुसरी बाजूही संपत आली. नंदूची गिटार थांबली, जरा खरखर झाली आणि आईचा धवला मोकळा झाला. वंदनाताईंच्याच लग्नातला. मध्येच तिला खोकला आला, ती थांबली. मागून एक कोवळा, नुकताच फुटू लागलेला आवाज आला, "आये, थांबू नको ना... टेप चालू हाय."

आई पुन्हा गायला लागली, पण तिथेच टेप संपली होती. सुई नुसतीच खरखरत राहिली. मामांनी ती उचलायला हात पुढे केला, तो वंदनाताईंनी अडवला.

"राहू द्या, मामा. मांडव उभा हाय अजून."

मामांनी हात मागे घेतला.